तिसरी प्रत

'ही घटना खरी आहे,' असे बजावून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक घटना खोट्या असतात. ही त्यांतली नव्हे. हिचे पुरावे कागदावर आहेत, सही-तारखेसह आहेत. आणि भीती वाटते ती नेमकी त्या पुराव्यांचीच.

गुरुवार. दुपारचे सव्वातीन. तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची खोली. खिडकीत लख्ख ऊन.

भुतांनी अंधार पडेपर्यंत थांबावे, असे कुठल्याच शास्त्रात लिहिलेले नाही.

खोली आईची. तिला विसरण्याचा आजार. मुले तीन... थोरली, मधली आणि धाकटा. मधली वर्षापूर्वी परगावच्या इस्पितळात वारली होती.

थोरली एका मोठ्या ग्रंथालयात जुने दस्तऐवज सांभाळी. वाळवी, ओल आणि वारसदार, या तिन्हींपासून कागद वाचवण्यात तिची हयात गेली होती. घरचे फोटोही तिने त्याच शिस्तीने राखले होते. एकूण सहा हजार चारशे बारा. एक प्रत धाकट्याच्या संगणकात. दुसरी तिथूनच आपोआप आईच्या टॅबलेटवर उतरणारी. आणि तिसरी घराबाहेर, ग्रंथालयातल्या पोलादी कपाटात, कशालाही न जोडलेल्या हार्ड डिस्कवर.

"घर जळालं तरी फोटो राहिले पाहिजेत," ती म्हणे.

माणसे राहावीत म्हणून तिने काय केले, हे तिला कधी कुणी विचारले नव्हते.

टॅबलेट आईसमोर उभा केलेला असे. दुपारभर फोटो बदलत. आई आपली माणसे ओळखत बसे. त्या गुरुवारी थोरलीही शेजारी बसून बघत राहिली. अर्धा तास गेला. मग तिच्या लक्षात आले...

मधली एकदाही दिसली नाही.

"मधलीचे फोटो कुठायत रे?"

धाकटा दारात मोबाइल चाळत उभा होता. "काढले."

"काढले म्हणजे?"

"अगं ताई, रोज ती दिसली की आई विचारणार, ही का येत नाही. रोज सांगायचं, ती गेली. रोज नव्यानं रडणार. मावशींना विचार हवं तर."

आईची देखभाल करणाऱ्या मावशी टॉवेलांच्या घड्या घालत राहिल्या. या घरात कशाला दुजोरा द्यायचा आणि कशाला नाही, हे त्यांना पगाराच्या पहिल्याच महिन्यात समजले होते.

"शिवाय जागा कमी पडत होती," धाकटा म्हणाला. "तिचा चेहरा निवडला, पुसून टाक म्हटलं. अकराशे सहा फोटो. दोन मिनिटांचं काम."

"तुझ्याकडे पुसलं की इथूनही जातं, माहीत होतं ना?"

"म्हणून तर पुसलं."

"ठीक आहे. तिसरी प्रत आहे माझ्याकडे."

"असणारच. तू वर गेल्यावरही तिथल्या लोकांच्या याद्या करशील."

थोरली उत्तर देणार, तेवढ्यात...

कट्.

बोट मोडल्याचा आवाज.

आईचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडलेले होते. मावशींचे हात टॉवेलात. धाकट्याच्या हातात मोबाइल.

कट्. कट्...

थोरलीने मोजले. नऊ.

मधलीला बोटे मोडायची सवय होती. नऊ वाजत. डाव्या हाताची करंगळी मात्र कधीच वाजत नसे. "कुणाच्या नावानं बोटं मोडतेस गं?" आई विचारायची. "यादी मोठी आहे," मधली म्हणायची.

खिडकीजवळ एक रिकामी खुर्ची होती. आई तिच्याकडे बघून कौतुकाने हसली.

"सवय काही जात नाही हिची."

धाकट्याने मान वर केली नाही. "बघितलंस? फोटो काढले तरी हे आहेच."

त्याला काहीच ऐकू आले नव्हते.

मधलीने घर सोडले त्याला नऊ वर्षे झाली होती. का सोडले, हे आता कुणालाच धड सांगता येत नसे. तिच्याशी कुणी बोलायचे नाही, एवढे मात्र सगळ्यांच्या पक्के लक्षात होते. सुसंस्कृत घरांत शिक्षा अशीच चालते. गुन्हा विसरला जातो, अंमलबजावणी चालू राहते.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, थोरलीने कपाट उघडले. हार्ड डिस्क होती तशीच होती. वेष्टनावर तिचीच सही, तीही शाबूत. सोबत छापील यादी. प्रत्येक फोटोपुढे त्याचा 'ठसा', म्हणजे फोटोवरून संगणकाने काढलेला एक लांबलचक आकडा. फोटोतला एक ठिपका बदलला तरी हा आकडा बदलतो. प्रत अस्सल आहे की नाही, याचा याहून चोख पुरावा तिच्या व्यवसायात नाही.

तिने पुन्हा ठसे काढले. यादीशी ताडून पाहिले.

सहा हजार चारशे बारा. एकूण एक जुळले.

थोरलीने श्वास सोडला. पहिला फोटो उघडला. बागेतला झोका, मधली सात वर्षांची.

झोका पुढे, उंच गेलेला होता...

रिकामा.

दुसरा. बाबा पायरीवर बसलेले. त्यांचा डावा हात हवेत, कुणाच्यातरी खांद्यावर टाकल्यासारखा. खांदा नाही.

तिसरा. आई कंगवा घेऊन बसलेली. समोर वेणीचे तीन पेड, अर्धवट गुंफलेले... नाही. पेडही नव्हते. आईची बोटेच तेवढी गुंफलेली.

अकराशे सहा फोटो. एकातही मधली नव्हती. आणि आकडे शपथेवर सांगत होते की या फोटोंत कधीच, काहीच बदललेले नाही.

तिने यादीचे शेवटचे पान उलटले. खाली तिचेच अक्षर. 'तपासले. बरोबर आहे.' सही. तारीख.

ती तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी इस्पितळातून मधलीचे तीन फोन आले होते. तिन्ही वेळा थोरलीने मोबाइल पालथा घातला होता. ठसे मोजायचे चालले होते. मध्येच उठली असती तर पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले असते.

पाठीमागे, दस्तऐवजांच्या रॅकांमध्ये...

कट्.

तिने वळून पाहिले नाही. डिस्क पर्समध्ये टाकून तशीच निघाली आणि थेट आईकडे आली.

धाकटा आईला औषध देत होता. आईने पदर सावरला आणि परक्या पुरुषाशी बोलावे तशा अदबीने विचारले,

"आपण कोण?"

"अगं आई, मी. धाकटा."

"असं होय." आईने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिले. काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली. "ही म्हणते, बाहेर काढलंत, आता राहू कुठे? म्हणून इथं आलेय." मग आवाज खाली आणून, जरा संकोचाने, "पण जागा कमी पडते म्हणते."

धाकटा हसला. एकट्यानेच.

टॅबलेटवर फोटो बदलला. धाकट्याच्या कॉलेजातला फोटो. त्याची पहिली स्कूटर, भर रस्त्यात, वळणावर कललेली.

स्टँड वर. चाके धूसर, म्हणजे वेगात.

वर कुणी नाही.

धाकटा चमचा घेऊन तसाच थोरलीकडे वळला. "ताई, तुझ्या त्या प्रतीत बघ. त्यात असेन मी. ताई, बघ ना."

थोरलीने पर्समधल्या डिस्कवर हात ठेवला. ती काढली नाही.

याला चार महिने झाले. धाकटा व्यवस्थित आहे. कामावर जातो, जेवतो, झोपतो. आईला भेटायला गेला की मावशी दारातच आधी विचारतात, "कोण पाहिजे?" पूर्वी तो चिडायचा. आता नाव सांगतो आणि उभा राहतो.

थोरलीने डिस्क पुन्हा कपाटात ठेवली आहे. स्वतःचे फोटो तिने उघडून पाहिलेले नाहीत. ठसे जुळतील, हे तिला ठाऊक आहे.

ती रोज दुपारी आईकडे जाते. रोज एकच प्रश्न विचारते.

"आई, मी कोण?"

"थोरली." रोज तेच उत्तर, लगेच.

काल उत्तर लगेच आले नाही.

आईने तिच्याकडे पाहिले. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिले. बराच वेळ. खोलीत बोटे वाजू लागली. थोरलीने सवयीने मोजली. सात... आठ... नऊ...

आणि मग आई म्हणाली, "थोरली."

परवानगी मिळाल्यासारखी.