सोमवारची फरसबी

धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने तोंड फिरवलं, आणि नेमका तेव्हाच तो आवाज तिच्या कानावर पडला.

"मीठ, मिरी, लिंबू, आणि दोन तास झाकून ठेवायचं. बस. घ्या लिहून."

तिच्या हातातली बाटली हातातच राहिली. मावसभावाच्या इमारतीची गच्ची, रविवारची संध्याकाळ, वीसेक पाहुणे, कोळशाचा वास... सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिच्या पायाखालची फरशी कोणीतरी हळूच काढून घेतली होती. 'घ्या लिहून' हे दोन शब्द ती गेले सात महिने दर सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता ऐकत आली होती. फोनवर. आणि खरं सांगायचं तर आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ती त्या दोन शब्दांवरच काढत होती.

तिची नोकरीच तशी होती. लोक रात्री काय जेवतात ते विचारायची. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण हे खरंच एक काम आहे आणि त्याचा पगारही मिळतो. चाळीस घरं ठरलेली, दर सोमवारी चाळीस फोन, आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न. काल रात्री काय जेवलात? सोबत काही? किती माणसं होती? जेवण कसं झालं: छान, बरं, की नुसतंच झालं? घरच्यांनी तिचं नावच 'चौकशी' पाडलं होतं.

चाळीसातलं एक घर म्हणजे क्रमांक दोनशे बारा. माणसं एक. जेवण कायम उकडलेली फरसबी, भोपळ्याचं सूप, फार तर वाफवलेलं गाजर. या माणसाला तिने मनातल्या मनात पूर्ण रंगवून ठेवलं होतं. किडकिडीत, चष्मा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि जेवल्यावर आपला चमचा स्वतः धुऊन पालथा घालणारा. फरसबी ऐकून कोणी प्रेमात पडतं का, असं विचाराल तर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पडली होती, एवढं खरं.

आणि आता तो समोर उभा होता. किडकिडीत नाही, चांगला आडदांड. चष्मा नाही. कोपरापर्यंत जुने भाजल्याचे डाग, हातात लांब चिमटा, आणि समोर निखाऱ्यांवर कोंबडीच्या तंगड्यांची अख्खी रांग.

"हे ग्रिलवाले बरं का," वहिनी तिच्या कानाशी लागली. "दादाने नवं ग्रिल घेतलं ना, ज्यांनी बनवलं तेच पहिल्यांदा पेटवून द्यायला आलेत. हाताला काय चव आहे यांच्या."

ग्रिल. तिला पहिल्या फोनचा पहिला कागद आठवला. 'व्यवसाय?' असं तिने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, 'ग्रिल बनवतो.' तिने पुढचं काही न विचारता स्वतःच लिहून टाकलं होतं: खिडक्यांच्या जाळ्या.

तेवढ्यात त्याची मान वर झाली. "तुम्हाला काय देऊ?"

बोलायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण कार्यालयाचा एक नियम होता, आणि तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. विचारणाऱ्याची आणि घराची ओळख असता कामा नये. ओळख निघाली की घर त्याच दिवशी यादीतून बाद. सव्वाअकराचा फोन बंद. तिने नुसतं 'नमस्कार' म्हटलं असतं तरी त्याला आवाज कळला असता, आणि सोमवार संपले असते.

म्हणून तिने गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

"घसा बसलाय होय? मग बोटाने दाखवा."

तिने दाखवलं. कडेला ढकललेला एक तुकडा, काळाकुट्ट.

"तो? तो टाकायचाय. जळलाय."

तिने पुन्हा तोच दाखवला.

"अहो, कोळसा आहे तो." त्याचा चेहरा खरोखर पडला. "हा घ्या. मंद आचेवर पाऊण तास ठेवलाय, आतून कसा रसरशीत आहे बघा. आणि वरून मधाचा सॉस—"

मध? चिकनला? तिच्या तोंडाकडे बघून त्याचा ब्रश हवेतच थांबला. काळा तुकडा तिने स्वतःच उचलला आणि त्याच्यासमोर कुडुम् आवाज करत खाल्ला. वर बोटं चाटली. तो बघतच राहिला. आयुष्यात कोणी त्याच्या कलेचा असा अपमान केला नसावा.

पण मग त्याने एक गोष्ट केली. काही न बोलता निखारे एका बाजूला ओढले, त्यांवर तीन तुकडे टाकले, आणि ते हलवले नाहीत. सॉसही लावला नाही. बाजूचा कोणी ओरडला, "अहो, जळतंय तिकडे." तर तो म्हणाला, "जळू द्या. मुद्दाम आहे." आणि धुरातून त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं, अगदी एकदाच... तिचे कान गरम झाले, आणि ते कोळशामुळे नव्हतं.

घरी जाताना मात्र तिचं डोकं तापलं. सात महिने हा माणूस फरसबी सांगतोय आणि खातोय काय? तिचा किडकिडीत, चमचा पालथा घालणारा माणूस मुळात होता तरी का?

सोमवारी सव्वाअकराला तिने नंबर फिरवला.

"नमस्कार. जेवण पाहणीतून बोलतेय. काल रात्री काय जेवलात?"

"उकडलेली फरसबी. भोपळ्याचं सूप. घ्या लिहून."

ती हादरली. चार तंगड्या आणि दोन मक्याची कणसं तिने त्याच्या पोटात जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. इतकं सरळ, इतक्या गोड आवाजात खोटं? पेन कागदावर टेकलं, पण चाललं नाही.

"सोबत काही?" तिने कसंबसं विचारलं.

"सोबत..." सात महिन्यांत तो पहिल्यांदाच अडखळला. "सोबत एक मुलगी होती."

"सोबत म्हणजे पाव, सॅलड, असं काही."

"ते माहीत आहे. पण ती होती. घसा बसलेला तिचा, एक शब्द बोलली नाही. मॅडम, हे तुम्हाला का सांगतोय कोण जाणे... कालपासून डोक्यातून जात नाही. वाईट एवढंच वाटतं की खायची काही अक्कल नाही. कोळसा खात होती. चक्क कोळसा."

"कोळसा नव्हता तो," ती म्हणाली. "कुरकुरीत कड होती. आणि चिकनला मध फासणाऱ्याने दुसऱ्याची अक्कल काढू नये."

तोंडातून गेलं ते गेलं. पलीकडे लोखंडावर हातोडा ठोकल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"घसा... बरा झाला वाटतं," तो अगदी हळू म्हणाला.

"फरसबी बरी होती का?"

"मॅडम—"

"सात महिने. अठ्ठावीस सोमवार. मी प्रत्येक फरसबी लिहून घेतली आहे. का केलंत असं?"

"पहिल्या दिवशी खरंच सूप होतं हो. दाढ काढली होती. आणि तुम्ही म्हणालात, 'वा, किती शहाण्यासारखं जेवता.' आठवतं?"

आठवत होतं. कागदावर नसलेलं वाक्य होतं ते. तसं बोलायची परवानगीच नव्हती.

"मला शहाणा कोणी म्हटलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. पुढच्या सोमवारी मटणाच्या फासळ्या कुठल्या तोंडाने सांगणार? मग दर आठवड्याला फरसबी. आता तर भाजीवाला दिसला तरी मला लाज वाटते."

तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि या दोन्हींचा तिला राग येत होता. "मी ज्याच्याशी बोलत होते तो सूप पिणारा होता," ती म्हणाली. "मला तो आवडत होता. तो कुठे आहे मग?"

पलीकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"इथेच आहे. पदार्थ तेवढे खोटे. चौथा प्रश्न आठवा. जेवण कसं झालं? दर वेळी काय सांगायचो?"

'नुसतंच झालं. सोमवारची वाट बघत.' दर वेळी हेच. ती लिहायची फक्त 'नुसतंच'. उरलेल्याला कागदावर जागा नव्हती, आणि तिला वाटायचं, ही त्याची बोलायची लकब असेल.

इतक्यात तिच्या खांद्यावर हात पडला. कार्यालयातल्या मोठ्या बाई. तासाला एक फोन त्या कानाला यंत्र लावून तपासायच्या, आणि या तासाचा त्यांनी नेमका हाच निवडला होता. बाईंनी कानावरचं यंत्र काढलं, लाइन तशीच चालू ठेवायला सांगितली आणि टेबलावर एक कागद ठेवला. घर वगळण्याचा अर्ज.

"कारणं दोनच असतात," बाई म्हणाल्या. "ओळख, किंवा खोटी माहिती. ओळख लिहिलीस तर जुनं सगळं तसंच राहील, पुढचे फोन तेवढे बंद. खोटी माहिती लिहिलीस तर सात महिन्यांचं काम पाण्यात. आणि तुझं कायम होणं पुढच्या महिन्यावर आलंय. विचार करून खूण कर."

विचार करण्यासारखं खूप होतं. 'ओळख'वर खूण करून ती अलगद सुटली असती. पण मग कुठल्यातरी जाड अहवालात ती अठ्ठावीस आठवड्यांची फरसबी खरी म्हणून राहिली असती, आणि त्याला खोटारडा म्हणताना तिची जीभ चाचरली असती. तिने दोन्ही चौकटींत खुणा केल्या. वर व्यवसायाच्या रकान्यातल्या खिडक्यांच्या जाळ्या खोडल्या आणि बाजूला लिहिलं: चूक माझी, विचारलं नव्हतं.

"दोन्ही?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही खरं आहे."

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "कायम होणं सहा महिने लांबलं म्हणून समज."

"समजले."

"आणि ओळखीवर खूण केलीस, तर खालचा रकानाही भरावा लागेल. ओळखीचा प्रकार. तो मनाने भरायचा नाही, घराला विचारून भरायचा. तू मनाने लिहितेस तेव्हा काय होतं ते दिसलंच आहे." एवढं बोलून बाईंनी ते यंत्र पुन्हा आपल्या कानाला लावलं. नियमच होता तसा, असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या.

तिने फोन उचलला. तो तिथेच होता. त्याने सगळं ऐकलं असावं, कारण त्याचा आवाज पार बदलला होता.

"माझ्यामुळे तुमची नोकरी..."

"नोकरी आहे. एक शेवटचा प्रश्न आहे. ओळखीचा प्रकार. पर्याय चार. वाचून दाखवू?"

"दाखवा."

"एक, नातेवाईक. दोन, शेजारी. तीन, मित्र. चार, इतर, आणि त्याचा तपशील."

"काल संध्याकाळपर्यंत चार," तो म्हणाला.

"आणि आज?"

"आज..." तो थांबला. त्याच्या कारखान्यात कुठेतरी पत्रा खाली पडला. "मला एक हवाय."

तिने यादीवर बोट ठेवलं. "एक म्हणजे नातेवाईक. आपलं तर काही नातं नाही."

"नाही ना. म्हणूनच विचारतोय."

तिला कळायला जरा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा हातातलं पेन घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं. ते बाईंनी पकडलं. सात वर्षं ती चाळीस-चाळीस घरांना प्रश्न विचारत होती. तिला स्वतःला असा प्रश्न कोणी, कधी, विचारलाच नव्हता, आणि उत्तर कसं देतात ते तिला ठाऊक नव्हतं. मग तिला सुचलं ते तिने विचारलं. तोंडात बसलेलं तेवढंच होतं.

"सोबत काही?"

"सोबत, ग्रिलची एक बाजू तुमची. तिथे मी काही हलवणार नाही, मध आणणार नाही, कितीही जळू दे. माझ्या बाजूला तुम्ही नाक मुरडायचं नाही. आणि मंगळवारी, बुधवारी, रोज, काय जेवलात ते विचारायचं. खरं सांगेन."

"रोज मांस?"

"आठवड्यातून एकदा फरसबी. आता सवय झाली आहे."

ती हसली. डोळे भरून आले होते म्हणून समोरचा कागद धूसर दिसत होता. "पण 'एक'वर खूण केली तर ती खोटी माहिती होईल," ती म्हणाली.

"आत्तापुरती."

"आत्तापुरतीही नको. आता खोटं काही लिहायचं नाही." बाईंच्या हातातून तिने पेन घेतलं, 'चार' वर खूण केली, आणि तपशिलाच्या ओळीवर सावकाश दोन शब्द लिहिले. मग ते त्याला वाचून दाखवले. पलीकडून एकदम बारीक आवाजात आलं, "घ्या... लिहून."

बाईंनी अर्ज ओढून घेतला, सही करायला पेन टेकवलं आणि थांबल्या.

"'एक होणार,'" त्यांनी वाचलं. "म्हणजे पर्याय एक होणार, की तुम्ही दोघं एक होणार?"

"दोन्ही," ती म्हणाली. "दोन्ही खरं आहे."