पाटावरची हार्ड डिस्क

"माझा लॅपटॉप कोरा केलात तुम्ही!"

शनिवारी सकाळी दहा वाजता नम्रता तांबे दुकानात शिरली ती ओरडतच. मागोमाग तिचा भाऊ राजरत्न. त्यानं लॅपटॉप काउंटरवर आदळला नाही एवढंच.

बकुळा सावंत हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवून उठली. वय एक्कावन्न. नायगावच्या या दहा बाय आठच्या गाळ्यात बावीस वर्षं ती लॅपटॉप दुरुस्त करत होती. शिकवलं कुणी नव्हतं. पहिले चार तिनं बिघडवले, पाचव्यापासून जमलं.

"गुरुवारी पंखा साफ करून दिला मी. बाकी कशाला हात लावला नाही," ती म्हणाली.

"मग हे काय?" राजरत्ननं झाकण उघडलं. निळा पडदा. एकही फाइल नाही. वापरणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'यूजर'.

नम्रता स्टुलावर बसली. आता तिचा आवाज उतरला होता.

"दोनशे बारा गाणी होती, ताई. गिरणगावातल्या बायकांची. जात्यावरची, संपातली, बाबासाहेबांची. सहा वर्षं चाळीचाळीत फिरून रेकॉर्ड केली. बुधवारी पीएचडीचा प्रबंध द्यायचाय, त्याला ती जोडायची आहेत. निम्म्या बायका आता नाहीत. कौसल्याआजी तर मंगळवारी गेल्या."

"दुसरीकडे ठेवली नव्हतीस?"

"पेनड्राइव्हवर. तो वैदेहीकडे होता. माझी मैत्रीण, आम्ही एकाच डिपार्टमेंटला तासिका घेतो. तिच्या मुलीनं गेल्या आठवड्यात तो पाण्याच्या बादलीत टाकला. बिचारी वैदेही रडली माझ्यासमोर."

"तिला आजचं सांगितलंस?"

"सकाळीच. तीच म्हणाली, त्या नायगावच्या बाईनंच उडवलं असणार."

बकुळानं चष्मा लावला. बावीस वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात गेलं होतं. तिनं लॅपटॉप उलटा केला आणि मधला स्क्रू निरखला.

मशीन उघडून पुन्हा बंद केलं की मधल्या स्क्रूवर ती मरून नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. नंतर कुणी उघडलं तर ठिपका तडकतो. गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून काढलेली युक्ती.

ठिपका मधोमध तडकला होता.

"माझ्यानंतर कुणीतरी उघडलंय."

"हे तुम्ही आत्ताही केलं असेल," राजरत्न म्हणाला.

"तुझ्या डोळ्यांदेखत? बरं, आता हेही बघ."

तिनं मागचं झाकण काढलं, हार्ड डिस्क बाहेर ओढली, दिव्याखाली धरली. डिस्क पुसलेली होती. पण पुसणाऱ्याचं फडकं खाचेत पोचलं नव्हतं. तिथं हळदीची पिवळी रेघ होती, तिच्यावर कुंकू, आणि कुंकवात वाळलेला तांदळाचा एक दाणा.

राजरत्न कडवट हसला. "तुमच्या स्क्रूड्रायव्हरला पण कुंकू आहे, ताई. दिसतंय मला."

"आहे. दसऱ्याला लावते. हत्यारांना. गिऱ्हाइकाच्या वस्तूला नाही. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे त्या दिवशी बुद्धवंदना. मशीनला कुंकू लावत नाही कुणी."

"म्हणजे ही डिस्क तुमची नाही. तुमची काढली आणि ही घातली."

नम्रतानं मान वर केली. "म्हणजे माझी कुठंतरी आहे?"

"कुठंतरी आहे. कशी आहे ते माहीत नाही."

बकुळानं डिस्क परत बसवून मशीन चालू केलं आणि विंडोज कधी टाकलंय ते पाहिलं. रविवार, सकाळी अकरा वीस.

"रविवारी अकरा वाजता लॅपटॉप कुठं होता?"

"माझ्या मांडीवर," नम्रता पुटपुटली. "कौसल्याआजींच्या घरी. त्यांचं शेवटचं गाणं घेत होते."

"चालू मशीनवर गाणं घेताघेता त्याच मशीनवर नवं विंडोज बसत नाही. ते दुसऱ्या मशीनवर बसवलंय. आज सकाळी चालू केलास तेव्हा पहिल्यांदा काय आलं?"

"डिव्हाइस तयार होत आहेत, असं काहीतरी. बराच वेळ."

"बिऱ्हाड बदललेली डिस्क नवं घर ओळखत बसते." बकुळानं चष्मा काढला. "रविवारी तयारी झाली. माझ्याकडे लॅपटॉप आला गुरुवारी. गुरुवारपासून कुठं कुठं होता?"

"संध्याकाळी मी घेऊन गेलो घरी," राजरत्न म्हणाला. मग प्रश्नाचा रोख त्याच्या ध्यानात आला. "माझ्याकडे काय बघता? सहा वर्षं हिच्या म्हाताऱ्या माझ्या बाइकवर बसून दवाखान्यात गेल्यात!"

"शुक्रवारी कॉलेजमध्ये माझ्याजवळच होता," नम्रता म्हणाली. "संध्याकाळी प्रभादेवीला, वैदेहीकडे. संदर्भसूचीची प्रिंट काढायला. प्रिंटर आतल्या खोलीत होता. ती आत, मी बाहेर तिच्या सासऱ्यांशी बोलत. तासभर." तिनं बकुळाकडे पाहिलं. "नाही हां, ताई. वैदेही नाही. माझ्या प्रबंधाची प्रत्येक तळटीप तिनं तपासलीय."

"मी कुणाचं नाव घेतलं? चल, रिक्षा इथं मिळत नाहीत, टॅक्सी कर."

---

दार शरच्चंद्रकाकांनी उघडलं. वैदेहीचे सासरे, टपाल खात्यातून निवृत्त, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. आतून वैदेही धावत आली आणि नम्रताला मिठी मारली.

"सापडलं काही? मी रात्रभर... म्हणजे सकाळपासून जेवले नाही गं."

बकुळानं ते 'रात्रभर' ऐकलं. बातमी सकाळची होती.

सोफ्यावर आठ वर्षांची मनवा मांडीवर लॅपटॉप घेऊन कार्टून उतरवून घेत होती. एक झालं की दुसरं.

"काका," बकुळा गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे दसऱ्याची पूजा मोठी असते म्हणे?"

"अहो, मोठी म्हणजे काय! आमच्याकडे काही वगळत नाहीत. मिक्सर, रिमोट, शिलाई मशीन. हा मनवाचा लॅपटॉप तेव्हा बिघडलेला, डिस्क काढून ठेवलेली. मी डिस्कसुद्धा पाटावर मांडली. हळदकुंकू, अक्षता. विद्या आहे ना ती!"

"बाबा, आत जाऊन गोळी घ्या तुमची," वैदेही म्हणाली.

"घेतली. मग रविवारी सूनबाईंनी ती डिस्क परत बसवली. विंडोजही स्वतःच टाकलं. हुशार आहे! आज सकाळी परत टाकलं. मी म्हटलं, आठवड्यात दोनदा?"

मनवानं पुढचं कार्टून उतरवायला लावलं.

बकुळा पुढं झाली. मनवाच्या मांडीवरून तिनं लॅपटॉप उचलला आणि बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. मनवानं भोकाड पसरलं.

"रड बाळा. तुझी चूक नाही." मग ती वैदेहीकडे वळली. "रविवारी तुम्ही घरच्या डिस्कवर कोरं विंडोज टाकून ठेवलं. पेनड्राइव्ह त्याआधीच बादलीत गेला होता. नम्रताचा लॅपटॉप दुरुस्तीला जाणार हे तुम्हाला माहीत होतं, म्हणजे नाव घ्यायला माझं दुकान तयार. शुक्रवारी त्या आतल्या खोलीत दहा मिनिटांत डिस्का बदलल्या. तिची तुमच्याकडे, तुमची तिच्याकडे. कुंकू पुसलंत, पण खाचेतला दाणा राहिला. बरोबर?"

"पुरावा काय?"

"हा काय, माझ्या हातात. आणि खरं सांगू? तिची डिस्क दादरच्या समुद्रात टाकली असतीत तर मी काही करू शकले नसते. पण चालू वस्तू तुमच्यानं टाकवली नाही. पोरीच्या लॅपटॉपला उपयोगी पडेल म्हणून बसवलीत. आपल्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन ठेवतात."

शरच्चंद्रकाका खुर्चीत बसले. खिशातली पेनं काढून त्यांनी टीपॉयवर ठेवली, पुन्हा उचलली.

"का गं?" नम्रतानं विचारलं. एवढंच.

वैदेही रडली नाही. उलट तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला.

"कायम प्राध्यापकाची जागा एकच आहे. मुलाखत वीस तारखेला. प्रबंध दिलेला असेल तरच बोलावतात. तू मराठीत तीन चुका करायचीस एका ओळीत, मी सुधारल्या. तुझ्या सगळ्या तळटीपा माझ्या. आणि सभागृहात टाळ्या कुणाला? तुझ्या म्हाताऱ्यांना. त्यांना गायला लावून तू मोठी होणार, आणि मी तुझ्या संदर्भसूचीत आभारापुरती."

"आभारात तुझं नाव पहिलं लिहिलं होतं," नम्रता म्हणाली.

"होतं ना," वैदेही म्हणाली. "आता तेही गेलं."

---

बकुळानं रविवारचा अख्खा दिवस आणि सोमवारची सकाळ त्या डिस्कवर घालवली. डिस्कवर नवं विंडोज टाकलं म्हणजे खालचं सगळं एकदम मरत नाही. जिथं नवं येऊन बसतं तेवढंच मरतं. विंडोज काही जागेवर बसलं होतं. उरलेल्या बऱ्याच जागेवर कार्टून.

दोनशे बारांपैकी एकोणनव्वद परत आली. नाव एकाचंही नाही. फाइल एक, फाइल दोन, फाइल तीन. कोण गातेय, कुठली चाळ, काही लिहिलेलं नाही.

नम्रता काउंटरशी बसली. कानाला हेडफोन, पुढ्यात वही. पहिली ओळ ऐकताच ती नाव लिहायची. "या सरूबाई. यांचा खोकला आहे बघा मधे." राजरत्न शेजारी उभा राहून चहा थंड करत होता. बुधवारची तारीख आता गाठता येणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. कॉलेजात तक्रार केली होती. चौकशी समितीत वैदेहीच्याच ओळखीचे असणार, तेही ठाऊक होतं.

दुपारी फाइल एक्काहत्तर लागली. अकरा सेकंदांची.

नम्रतानं हेडफोन काढला आणि आवाज मोठा केला.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कौसल्याआजी, घसा खाकरून:

"मशीन चालू झालं का गं बाय? बघ नीट. मग गाते."

आणि पुढं काही नव्हतं.

नम्रतानं पेन उचललं. कौसल्या, असं लिहिलं. गाण्याच्या रकान्यापाशी हात थांबला. थोड्या वेळानं तिनं तिथं लिहिलं: गाणार होत्या.