कशी घ्यायची, तेवढं सांग

दार लोटून घ्या आणि मला चहा ओता. उद्यापासून तुम्ही तिघं औषधाच्या दुकानात बसणार ना? मग हे आजच ऐकून ठेवा. आपल्या नारीन गावातलंच आहे. कुबात म्हणजे माझ्या मेहुण्याचा मुलगा, त्याने शपथेवर सांगितलेलं.

तेवीस जानेवारी, मंगळवार. कुबात रात्रपाळीला निघाला. बायकोने फडक्यात मटणाचे चार साम्से बांधून दिले, थर्मासमध्ये चहा भरला. सातला दुकानात पोचला, कोट खुंटीला लावला. सगळं रोजच्यासारखं.

त्या दुकानाचं दार रात्री बंद असतं. दारातच एक खिडकी, कमरेइतकी खाली. औषध हवं तर वाका. आतून दिसतो तो नुसता हात. कुबातला तेच सोयीचं! तोंड बघायला नको, बोलायला नको. खोकं फोडायचं, मागेल तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून द्यायच्या, माहितीचा कागद कचऱ्याच्या टोपलीत. कोणी विचारलंच, "बाबा, कशी घ्यायची?" तर खेकसायचा, "डॉक्टरला विचार! मी काय शाळामास्तर आहे?"

अरे, मग पाच वर्षं शिकलास कशाला? कात्री काय, न्हावीही चालवतो!

डिसेंबर लागताच झूरा आपा आली होती. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी, सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली. तिला त्याने ती बारीक पिवळी गोळी कापून दिली. आठवड्यातून एकच घ्यायची असते ती. रोज घेतली तर विष. म्हातारीने दोनदा विचारलं, कशी घ्यायची. याने खिडकी लावून घेतली. तिने बिचारीने घेतली रोज. तोंडभर फोड आले, पाणी गिळवेना. बाराव्या दिवशी गेली. आणि हा शहाणा मयताला जाऊन काय म्हणतो? "वय झालं होतं हो." माझ्या हातात तेव्हा काठी असती ना... जाऊ दे.

तेवीसला तिचा चाळिसावा दिवस होता. तिच्या घरी जेवणं झाली, गल्लीभर तळलेले बोरसोक वाटले. कुबात तिकडे फिरकला नाही. पाळी सुरू होताच ट्रकवाला मेदेर आला, त्यालाही तीच पिवळी गोळी हवी होती. खटाखट कात्री चालली. खिडकी बंद.

एक वाजून दहा मिनिटांनी टकटक झाली.

हात आत आला. बोटं वाकडी. तळव्यावर गोळ्यांची कापलेली पट्टी, रिकामी.

"कशी घ्यायची, बाळा?"

"कागदावर लिहिलंय. वाच."

"कागद तूच टोपलीत टाकलास."

कुबातने नीट पाहिलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. हाताला चिकटलेले कण आतल्या उबेतही... वितळत नव्हते.

"आ... आपा?"

"कशी घ्यायची?"

"आठवड्यातून... एक."

"कधी?"

"एकच वार धरायचा. तोच... दर आठवड्याला."

"तोंड आलं तर?"

"बंद करायची. लगेच डॉक्टरकडे..."

मग ती बोलली. ओरडून नाही. दात आवळून.

"एवढंच? एवढंच होतं, मेल्या? आणि त्यापायी मी तडफडून मेले?"

"चुकलं आपा... पाया पडतो..."

"माझं झालं ते झालं. संध्याकाळी मेदेरला दिलीस. त्याला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. कुबात खाली बसून रडायला लागला.

"मग रडतोस काय? ऊठ!"

हात नाहीसा झाला. कुबात मागच्या दाराने पळाला. टोपी नाही, कोट नाही. मेदेरच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

"कोणी मेलंय का रे?" मेदेर शिव्या घालतच बाहेर आला.

"गोळ्या! किती घेतल्यास?"

"रात्री एक. आता सकाळी एक. रोज एक, असंच ना?"

"नाही! आठवड्यातून एक! आता पुढच्या मंगळवारी! म्हणून दाखव!"

"पुढच्या मंगळवारी."

"पुन्हा म्हण!"

तीनदा म्हणवून घेतलं. मेदेर भडकला. "अरे गाढवा, माझी तीन पोरं आहेत! दुकानातच सांगायला काय धाड भरली होती?"

मेदेरच्या बायकोने कुबातच्या अंगावर घोंगडी टाकली, उजाडेपर्यंत चुलीपाशी बसवलं.

मेदेर आहे अजून. परवाच बाजारात भेटला.

कुबात परतला तेव्हा फटफटलं होतं. या वेळी तो समोरच्या बाजूने आला. आणि थबकला.

खिडकीसमोरच्या ताज्या बर्फात दोन पावलं उमटली होती. त्यांच्यामागे आणखी दोन. त्यांच्यामागे आणखी... सरळ रांग, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. सगळ्या पावलांची तोंडं खिडकीकडे. कोणी चालत आल्याची खूण नाही. गेल्याची नाही. नुसती उभी राहिलेली.

त्याने मोजली. सत्तावीस जोड्या.

शेवटची जोडी... माझ्या या तळहाताएवढी. अनवाणी.

ते लेकरू कोणाचं, त्याला आपण काय कापून दिलं होतं, कुबातला आजही आठवत नाही.