खिशातले हात

दवाखाना उघडला की पहिलं काम ठरलेलं असे: डबा तपासायचा. कानांच्या दवाखान्यात डबा म्हणजे जाड भिंतींची ती इवलीशी खोली. दार लावलं की बाहेरचा एकही आवाज आत जात नाही. रोग्याला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर टेबलापाशी बसून यंत्रातून एकेक सूर सोडायचा. कधी जाड, कधी बारीक, कधी अगदी पुसट. सूर ऐकू आला की रोगी बटण दाबतो आणि बाहेर टेबलावर छोटा हिरवा दिवा लागतो. एवढाच खेळ. मात्र पहिल्या रोग्याआधी आपण स्वतः आत जाऊन सगळे सूर ऐकायचे, ही रोजची शिस्त. यंत्र बहिरं झालं तर सगळं गाव बहिरं निघेल, असं डॉक्टर म्हणत.

ती सतरा वर्षं हे काम करत होती. एकीने आत बसायचं, दुसरीने बाहेरून सूर सोडायचे. दुसरी म्हणजे तिची धाकटी सहकारी. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तोंड म्हणून मिटत नसे. त्या आठवड्यात चिमणी बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. मंगळवारी सकाळी ही एकटीच होती. तिने बाहेर सर्वांत जाड सूर चालू केला आणि आत जाऊन ऐकावा म्हणून उठली. डब्याचं दार उघडंच होतं. आत खुर्ची रिकामी, हेडफोन खुर्चीच्या पाठीवर, बटण दाराजवळच्या खुंटीला अडकवलेलं.

टेबलावरचा दिवा लागला.

तिने सूर बंद केला. दिवा विझला. पुन्हा सोडला, पुन्हा लागला. दुसरी कुणी असती तर पदर सावरत रस्त्यावर पळाली असती. हिने वहीत लिहिलं, ‘बटणाची वायर सैल’, आणि पहिल्या रोग्याला बोलावलं.

तुम्ही म्हणाल, बाई मोठी धीराची. धीराबिराचं काही नव्हतं. चार महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा गरम होता की गार, हे पिऊन झाल्यावरही तिला सांगता आलं नसतं. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. लोक भेटायला आले, रडून गेले. ही त्यांना पाणी देत राहिली.

रविवारी दुपारी ती जाझ गायची. हौस म्हणून. चौघांचा कंपू होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर पियानोवर, दवाखान्यामागच्या गल्लीतला बेकरीवाला डबल बास या जाड सुराच्या उंच तंतुवाद्यावर, चष्म्याच्या दुकानातला एक अबोल माणूस ड्रम्सवर, आणि गायला ही. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात महिन्यातून एकदा कार्यक्रम. ऐकायला चाळीस माणसं, त्यातली निम्मी आपापल्या घरातली. पहिल्या रांगेतली डावीकडून तिसरी खुर्ची नवऱ्याची. बावीस वर्षं छापखान्यात यंत्राशेजारी उभा राहिलेला माणूस. गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण टाळी द्यायची दांडगी हौस. आणि टाळी हमखास चुकीची.

जाझ गाण्यात चार मात्रांपैकी दुसरीवर नि चौथीवर टाळी द्यायची असते. तिथेच ड्रमवाला पायाने दोन झांजा मिटतो, छिक्, छिक्, आणि सगळं गाणं त्या आवाजावर झुलतं. नवरा मात्र पहिलीवर नि तिसरीवर, बासच्या जोडीने, दणदणीत टाळी द्यायचा. त्याचं बघून शेजारचे तशीच द्यायचे. एकदा सगळी पहिली रांग चुकीच्या टाळीवर गेली आणि ती गाता गाता घसरली. तिने गाणं थांबवलं. माईकमध्ये म्हणाली, “पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना नम्र विनंती, हात खिशात ठेवावेत.”

सभागृह हसलं. तोही हसला. दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. कुलूपही तिनेच उघडलं. पुढच्या महिन्यातही तो येऊन बसला, हात खिशात घालून. तिला बरं वाटलं, गाणं छान झालं. त्यानंतर नवव्या दिवशी छापखान्याच्या मागच्या अंगणात कागदाचा ट्रक मागे येत होता. ट्रक मागे येताना टीं टीं करतो, ते सगळ्यांनी ऐकलं. हाका मारल्या. तो हात खिशात घालून चालत राहिला. लक्ष नव्हतं बिचाऱ्याचं, असं लोक म्हणाले. तीही तेच म्हणाली.

सरांनी हळूहळू तिला पुन्हा सरावाला बोलावलं. सूर जागेवर होते, शब्द पाठ होते. एकदा बेकरीवाला बास पुसता पुसता म्हणाला, “सगळं बरोबर आहे गं तुझं. पण आत कुणी नाही.” त्याच्या म्हणण्याचा तिला रागही आला नाही. येत्या रविवारी नवरा गेल्यानंतरचा पहिला कार्यक्रम होता. त्या दिवशीही असंच झालं तर गाणं बंद करायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. गाणं सोडलं तर तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

बुधवारी यंत्राचा मेकॅनिक आला. त्याने वायर पाहिली, बटण उघडलं, मिटलं. कुठे काही नव्हतं. दिवसभर रोगी आले, त्यांच्या तपासण्या चोख झाल्या. संध्याकाळी पाच वाजता शेवटचा रोगी गेला. ऊन अजून खिडकीत होतं. तिने एक कोरा तक्ता घेतला, डब्याचं दार लावलं आणि रिकाम्या खुर्चीची तपासणी केली.

उजवा कान लाल गोलाने दाखवतात, डावा निळ्या फुलीने. जाड सुरांना दिवा लागलीच लागत होता. ती खुणा करत गेली. सूर बारीक होत गेले तसा दिवा उशिरा लागू लागला, मग आवाज खूप वाढवला तरच लागू लागला, आणि सर्वांत बारीक सुरांना लागलाच नाही. तिने खुणा रेषेने जोडल्या. रेष सरळ चालत आली आणि मध्यावर विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली.

असा तक्ता तिने शेकड्यांनी पाहिला होता. यंत्राच्या गोंगाटात जन्म घालवलेल्या माणसांचा तक्ता. अशा माणसाला बास ऐकू येतो. झांजांची छिक् येत नाही. ट्रकची टीं टीं येत नाही. तो चुकीची टाळी देत नव्हता. त्याला जो ठोका ऐकू येत होता त्यावरच देत होता. घरात टीव्ही मोठा लावायचा म्हणून ती ओरडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावाचे कान तपासणाऱ्या बाईने सतरा वर्षांत नवऱ्याला एकदाही त्या खुर्चीत बसवलं नव्हतं.

तिने तक्त्यावर तारीख घातली. नावाची जागा कोरी ठेवली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने दवाखान्याचं दार आतून लावलं आणि टेबलावरचा माईक तोंडाशी घेतला. त्या माईकवरून आतल्या रोग्याशी बोलता येतं. रविवारचं पहिलं गाणं ती हलक्या आवाजात गायली. डब्याच्या काचेतून खुर्ची दिसत होती. दिवा लागला नाही. गाणं संपलं, तरी नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. त्याचे हात अजून खिशातच होते.

“काढ ना बाहेर...” ती म्हणाली. काही झालं नाही. यंत्राचा पंखा फिरत होता, आणि खोलीत कुठूनसा शाईचा वास येत होता, ओल्या छपाईचा. “मला कळायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी सगळ्यांसमोर हसं केलं तुझं. माझे हे कान... तुला देता आले असते ना, तर आत्ता दिले असते. खरंच सांगते.”

दिवा लागला. सूर सोडलेला नव्हता, तरी लागला आणि विझला.

ती पुन्हा गायला लागली. पहिल्या मात्रेला दिवा लागला. तिसरीला लागला. पुन्हा पहिलीला. सगळं गाणं तो चुकीच्या जागी लागत राहिला. तिच्या गळ्यात ऊब आली, चार महिन्यांत पहिल्यांदा. तिला खूप बरं वाटलं. भीती वाटायला हवी होती, हे तिला नंतर सुचलं.

शुक्रवारी सकाळी तिने सर्वांत बारीक सूर सोडला आणि दिवा लागला. परवा याच सुराला लागला नव्हता. ती लगबगीने आत गेली, हेडफोन चढवले. तिला काहीच ऐकू आलं नाही. हेडफोन बिघडले म्हणून तिने दुसरे जोडले. तरी नाही. शनिवारी खुर्चीला त्याखालचे दोन सूर ऐकू आले, आणि ते दोन तिला आले नाहीत. रोग्यांच्या बोलण्यातल्या शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या झाल्या. घरी नळ टपकत होता. थेंब दिसत होता, आवाज नव्हता. परवा दुपारी आपण काय बोललो ते तिला शब्द न् शब्द आठवत होतं. बोललेलं परत घ्यावं असं तिच्या मनात आलं, पण त्याला एकदा हात खिशात घालायला लावले होते, पुन्हा कुठल्या तोंडाने सांगणार? कार्यक्रमाचा झगा तिने इस्त्री करून ठेवला.

रविवारी दुपारी सभागृह नेहमीसारखं भरलं. तिसरी खुर्ची लोकांनी आपणहून रिकामी सोडली होती. सरांनी सुरुवात केली, बेकरीवाल्याचा बास दमदार चालला, आणि तिने मागे वळून पाहिलं. ड्रमवाल्याचा पाय हलत होता. झांजा मिटत होत्या, उघडत होत्या. आवाज येत नव्हता. तिला बास तेवढा ऐकू येत होता, पहिलीवर नि तिसरीवर. कुठे शिरायचं हे कळेना. दहा वर्षं गायलेलं गाणं, आणि तिला पाय ठेवायला जागा सापडेना.

तेव्हा टाळी आली. समोरून, अगदी जवळून, दुसरीवर. मग चौथीवर. पुन्हा दुसरीवर. एकदाही चुकली नाही. ती त्या टाळीचं बोट धरून गाण्यात शिरली आणि शेवटपर्यंत गात राहिली. तिसऱ्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही. लोक उभे राहिले. बेकरीवाल्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “आज होतीस गं आत.” ड्रमवाला वर्षात चार वाक्यं बोलणारा माणूस. झांजा उतरवता उतरवता तो एवढंच म्हणाला, “टाळी आज बरोबर होती.”

सोमवारी चिमणी पेढे न आणता नुसत्या गप्पा घेऊन परत आली. मुलगी झाली, नाक आजीच्या वळणाचं, वगैरे. तिचे ओठ हलताना दिसत होते, अर्धंमुर्धं कळत होतं. मग रोजच्यासारखं ही डब्यात बसली आणि चिमणी बाहेर. दार लागलं. थोडा वेळ जाड सूर ऐकू आले, नंतर काहीच नाही. ती हात दवाखान्याच्या कोटाच्या खिशात घालून वाट पाहत बसली. समोर खुंटीला बटण अडकवलेलं होतं. ते घ्यायला ती विसरली होती. पलीकडे काचेतून चिमणी मान डोलवत एकामागून एक खुणा करत होती.

दार उघडून चिमणीने तक्ता तिच्यापुढे धरला. रेष पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ. “ताई, एकही सूर चुकला नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “विशीतले कान आहेत तुमचे.” आणि नावाच्या जागी तिने हिचं नाव लिहिलं.

आता ती रोज संध्याकाळी मागच्या गल्लीने घरी जाते. तिथे बेकरीला पिठाचे ट्रक येतात, मागे सरकत. तिला त्यांची टीं टीं ऐकू येत नाही. ती गल्लीच्या तोंडाशी थांबते, हात खिशात घालून. टाळी आली की ओलांडते. वळून बघायचं तिने सोडलं आहे. एकदा त्याच्या टाळीवर अविश्वास दाखवला, तेवढा पुरे झाला. मात्र टाळी देणारा रागावला आहे की निवळला आहे, हे तिला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. पलीकडून बेकरीवाला रोज एक हात वर करून तिला रामराम करतो.

काल टाळी नेहमीसारखी आली, ठसठशीत, कानाशी. पलीकडे बेकरीवाला दारात उभा होता. त्याने दोन्ही हात वर केले होते, ते तो जोरजोरात हलवत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. तिने त्याला मान हलवून ओळख दिली आणि पाऊल पुढे टाकलं.