भुंकायची थांबलेली गल्ली

राजवीरनं सुतळी बॉम्बची वात पेटवली, कानांवर हात दाबले आणि पळत येऊन विद्याश्रीच्या ओट्यावर उडी मारली. धडाम! खिडक्यांची तावदानं थरथरली, कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं आणि वरच्या मजल्यावरून एक काकू त्याला ठेवणीतलं बोलल्या.

त्यानंतर मात्र सगळं गप्प झालं.

"ऐकलंस?" विद्याश्रीनं विचारलं.

"काय? काय बी ऐकू येईना की."

"तेच म्हणतीया मी. एवढा मोठा बार झाला आणि एक बी कुत्रं भुंकलं न्हाय."

राजवीरचं हसू ओसरलं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली ती गल्ली, तिथं साधी टिकली वाजवली तरी दहा कुत्री सूर धरायची. आज कोपऱ्यावरच्या राखेच्या ढिगात कुणी झोपलेलं नव्हतं. पिठाच्या गिरणीसमोर कुणी शेपूट हलवत नव्हतं. दिवाळीच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्या माणसांना सणासुदीला फराळापलीकडचं फारसं दिसत नाही!

विद्याश्रीच्या मात्र सारखं ध्यानात येत होतं, कारण तिची बुंदी काल सकाळपासून बेपत्ता होती.

बुंदी म्हणजे पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपक्यांची, लांब कानांची कुत्री. काल अभ्यंगस्नान झाल्यावर उरलेल्या उटण्यानं विद्याश्रीनं तिलाही न्हाऊ घातलं होतं. न्हाऊ घालताना तिचा लाल पट्टा काढून खुंटीला अडकवला आणि "वाळू दे जरा" म्हणून तिला तशीच अंगणात सोडली. तेवढ्यात नाक्यावर मोठी माळ लागली. बुंदी शेपूट पायात घालून जी पळाली ती आलीच नाही. भूक लागली की येईल, असं सगळे म्हणत होते. आता दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती आणि पट्टा अजून खुंटीलाच होता. येता-जाता तो दिसला की विद्याश्री अंगणाच्या दारापर्यंत जाऊन बघून यायची.

"त्ये बघा, लंगड्या आला!" सोमशेखर ओरडला. सोमशेखर म्हणजे विद्याश्रीचा आतेभाऊ. सुट्टीला जयसिंगपूरहून आला होता आणि आपल्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःबद्दल पक्कं मत होतं.

गल्लीतला लंगडा कुत्रा भिंतीला अंग घासत येत होता. त्याच्या गळ्यात कुरतडलेली सुंभाची दोरी लोंबत होती. विद्याश्रीनं बादली पुढं सरकवली. त्यानं तोंड घातलं ते बादली संपेपर्यंत वर काढलंच नाही. पोरं नुसती बघत राहिली.

सोमशेखरनं त्याच्या केसांत अडकलेला पांढरट चोथा काढून बोटांत चुरला. "उसाचं चिपाड हाय ह्ये. चुलवाणात जाळायला गुऱ्हाळावर ढीग मारून ठेवत्यात. आमच्याकडं शिरोळ तालुक्यात पायलीला पन्नास गुऱ्हाळं हायत, मला वळखू येतंय."

"म्हंजे ह्याला कुणीतरी गुऱ्हाळावर बांधलंता," राजवीर हळूच म्हणाला.

"आणि पाणी दिलं न्हाय," विद्याश्री म्हणाली.

लंगड्यानं वाट दाखवावी म्हणून त्यांनी खूप चुचकारलं, पण तो ओट्याखाली शिरला आणि थरथरत बसला. काही केल्या बाहेर येईना.

गल्लीतलं पान सयाजीकाकांना कळल्याशिवाय हलत नसे. ते मंडळाचे अध्यक्ष. पायरीवर बसून चहात बेकरीतलं कडक बटर बुडवून खात, ते पताका लावणाऱ्यांना सूचना देत होते. बोलता बोलता त्यांनी सवयीनं बटरचा एक तुकडा खालच्या पायरीवर टाकला. तो तिथंच पडून राहिला. त्यांचं तिकडं लक्षही गेलं नाही.

"कुत्री? आगं, आमीच उचलायला लावल्यात," ते खुशाल म्हणाले. "उद्या पाडवा. म्हशी पळवायच्या असत्यात. गेल्या साली कुत्री आंगावर गेली आणि एक म्हस बिथरली, ठावं हाय न्हवं? म्हणून जोतीरामला सांगितलं, बिनपट्ट्याची सगळी टेम्पोत घाल आणि बावड्याकडं ठेव कुठंतरी. पाडवा झाला की आणून सोडील."

"कुठंतरी म्हंजे कुठं?"

"त्ये काय म्या इचारलं न्हाय. खायाप्यायला घाल म्हणून सांगितलंय की. तू कशाला काळजी करतीस?"

बिनपट्ट्याची! विद्याश्रीला खुंटीवरचा पट्टा आठवला. ती तडक जोतीरामच्या घराकडं चालायला लागली.

जोतीरामची आई बायडाबाई दारात रांगोळी घालत होती. "जोतीराम व्हय? त्यो सासुरवाडीला गेलाय न्हवं, जयसिंगपूरला. पयली दिवाळी हाय त्येची. जावई म्हणून मिरवायला नगं का?"

"मग कुत्र्यांना कोण खायला घालतंय?"

बायडाबाईनं रांगोळीची चिमूट तशीच धरून वर बघितलं. "कुठली कुत्री?"

मुकी जनावरं कुठंतरी कोंडलेली होती, ती जागा फक्त जावयाला ठाऊक होती आणि जावई दिवाळसणाच्या जेवणावळीत. सयाजीकाकांना वाटत होतं जोतीराम बघतोय. जोतीरामला वाटलं असेल, दुसरं कुणीतरी बघेल. प्रत्येकानं दुसऱ्यावर ढकललं होतं आणि तिकडं कुणीच नव्हतं.

सोमशेखरनं एसटीडी बूथवरून वडिलांना फोन लावला. जोतीरामची सासुरवाडी शोधतो म्हणाले, पण रात्री फोन आला की पाव्हणा मेहुण्यांबरोबर कुठंतरी बाहेर गेलाय. गल्लीत लक्ष्मीपूजनाचे दिवे लागले. विद्याश्रीला करंजीचा घास गिळवेना. दर बाराला तिला वाटायचं, हाच आवाज तिकडं अंधारात बुंदी ऐकत असेल.

पाडव्याला उजाडता उजाडता तिघांनी सायकली बावड्याकडं हाणल्या. फराळाचा डबा आणि पाण्याचा कॅन बरोबर होताच. कसबा बावड्याच्या पुढं, उसाच्या कडेला शांतव्वाचा गोठा होता. शांतव्वा शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. कुणी टाकून दिलेली, कुणी गाडीखाली घातलेली कुत्री-मांजरं ती तिथं सांभाळायची.

"भुकणं ऐकलंय मी," शांतव्वा म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता. "परवा रात्रभर वरडत हुती. काल दुपारपतोर बी आवाज येत हुता. मी आणि आमचा गडी हुडकत फिरलो. पर ह्या उसात आवाज कुठनं येतोय कळतंय व्हय? आणि काल दुपारनंतर..."

"काय झालं, आज्जी?"

"गप झाली."

पोरांनी उसाच्या बांधाबांधानं घसा बसेपर्यंत हाका मारल्या. "बुंदी! बुंदी!" पुरुषभर उंच ऊस सळसळायचा, बस्स. चार गुऱ्हाळं बघितली, चारही ओसाड. अशी अजून किती होती कुणास ठाऊक. तिकडं ऊन चढायला लागलं होतं, दिवाळीच्या दिवसांत असतं ते चटके देणारं ऊन.

"हाकंला ओ देणार न्हाईत ती," शांतव्वा म्हणाली. "बारानं भ्यालेलं जनावर आवाज आला की आणिक दडून बसतंय."

विद्याश्री चालता चालता थांबली. "एका आवाजाला बुंदी भीत न्हाय," ती म्हणाली आणि सायकलकडं पळत सुटली.

राजवीरचे चुलते आण्णा म्हशी पाळायचे. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. पुढं मालक मोटारसायकलवर, मागं म्हैस. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा फट्‌फट् आवाज म्हैस हजारांत ओळखते आणि त्याच्या मागं जीव खाऊन धावते. आण्णांची जुनी येझदी सरावासाठी गल्लीत शिरली की म्हशीआधी बुंदीच पुढं यायची आणि नाक वर करून लांबलचक सूर लावायची. सगळी गल्ली हसायची. आण्णांनाही ते मनातून आवडायचं.

तिघं गल्लीत पोचली तेव्हा आण्णा फेटा बांधून नदीच्या घाटाकडं निघण्याच्या बेतात होते. चंद्री म्हैस नुसती झळकत होती. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा.

"खुळी का काय तू?" सगळं ऐकून ते म्हणाले. "आज पाडवा हाय. वरीसभर ह्या दिसासाठी चंद्रीला सांभाळलीया. माझं सगळं दोस्त घाटावर थांबल्यात."

विद्याश्रीला रडू फुटत होतं, पण तिनं ते आवरलं. "आण्णा, दावणीची म्हस तहानलेली ठेवून तुमी कधी जेवलायसा का?"

आण्णांनी चंद्रीकडं बघितलं. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी येझदीला किक मारली. "बस मागं," ते म्हणाले. "राजवीर, कासरा घे."

घाटाकडं जाणाऱ्या लोकांनी तोंडात बोटं घातली, कारण आण्णांची येझदी उलट्या दिशेला चालली होती. तिच्यामागं मोरपिसं उडवत चंद्री आणि चंद्रीच्या मागं सायकलवर दोन पोरं.

उसातल्या गाडीवाटेवर आण्णा गाडी रेस करायचे, मग एकदम बंद करायचे. सगळे श्वास रोखून ऐकायचे. ऊस सळसळायचा. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. शांतव्वा पदरानं तोंड पुसत मागून चालत होती. ती मान हलवत होती ते विद्याश्रीनं बघितलं.

"आण्णा, आणिक एकदा. जोरात."

येझदी अशी कडाडली की उसातून पाखरं उडाली. गाडी बंद झाली. आणि मग डाव्या हाताला, बारीक, चिरकलेला, मध्येच तुटणारा सूर आला.

"बुंदी!" विद्याश्री गाडीवरून उतरून सरळ उसात घुसली. पात्यांनी हात कापले, तिला कळलंही नाही.

बंद पडलेल्या गुऱ्हाळाशेजारी चिपाडं ठेवायची पत्र्याची खोली होती. दाराला हे एवढं कुलूप. पत्रा हात लावू देत नव्हता इतका तापलेला. खाली एका जागी माती उकरून लंगड्या निसटला होता, पण त्या फटीत बाकीच्यांचं अंग मावत नव्हतं. विद्याश्रीनं जमिनीला गाल टेकवून आत बघितलं. अंधारात कितीतरी डोळे चमकत होते. हलत कुणीच नव्हतं.

सोमशेखरनं फराळाच्या डब्याच्या झाकणात पाणी घेतलं आणि फटीतून आत सरकवलं.

"थोडं थोडं द्या," शांतव्वा म्हणाली. "एकदम दिलं तर उलटी काढतील. त्येंच्या आंगावर बी शिपडा."

आण्णांनी कासऱ्याचं एक टोक दाराच्या कडीला आणि दुसरं चंद्रीच्या छातीवरून बांधलं. "बाजूला व्हा सगळी," असं म्हणून ते येझदीवर बसले. गाडी फट्‌फटत सुटली. चंद्रीनं मान खाली घातली, खूर रोवले आणि ओळखीच्या आवाजामागं झेप घेतली. कवड्यांची माळ तुटली, मोरपिसं मातीत पडली आणि सगळं दार चौकटीसकट उखडून बाहेर आलं.

बुंदी पुढच्या पायांवर सरपटत उजेडात आली. विद्याश्रीनं तिला कवेत घेतलं आणि आतापर्यंत आवरलेलं रडू मोकळं सोडलं. एकेक कुत्रं धडपडत बाहेर येत होतं. शांतव्वा प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी लावत होती. शेवटी ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिनं आण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला आणि परत आत गेली. काय झालं ते पोरांनी विचारलं नाही.

निरोप मिळाल्यावर दुपारी जोतीराम सासऱ्यानं दिलेल्या नव्या सफारीत, पांढराफटक चेहरा घेऊन आला. त्याच्याच टेम्पोतून कुत्री गल्लीत परत आली. या वेळी मागं गोणपाट अंथरलेलं होतं आणि पाण्याचं घमेलं होतं. माणसं गोळा झाली. आप्पांनी, म्हणजे विद्याश्रीच्या वडिलांनी, तिन्ही पोरांना जवळ घेतलं. सयाजीकाकांनी खाकरून भाषणच सुरू केलं.

"ह्या पोरांनी आमच्या गल्लीचं नाक राखलं. आमी मोठी मान्सं चुकलो, ह्यांनी निस्तरलं. शाबास रं वाघांनो! आन् आण्णा, घाट हुकला खरा, पर तुझ्या चंद्रीएवढं काम आज एका बी म्हशीनं केलं न्हाय." टाळ्या वाजल्या. काकांनी सगळ्या कुत्र्यांवरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली. "आमचा खंडू न्हाई दिसत. म्हातारं कुत्रं, आमच्या पायरीवर बसायचं ते. त्येला कशाला न्हेलंस, त्यो तर कुणाच्या..."

विद्याश्रीला शांतव्वानं आत नेलेला टॉवेल आठवला. जोतीराम जमिनीकडं बघत राहिला. खंडूच्या गळ्यातही पट्टा नव्हता.

काका पायरीवर बसले. कालचा बटरचा तुकडा अजून तिथंच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी तो उचलून मुठीत धरला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी आण्णांची येझदी गल्लीत शिरली आणि बुंदीनं नाक वर करून सूर लावला. तिच्या गळ्यात लाल पट्टा होता. बाकीच्या कुत्र्यांनीही साथ धरली आणि सगळी गल्ली हसली. गाडीच्या मागं सयाजीकाका बसले होते. त्यांच्या मांडीवर शांतव्वाच्या गोठ्यातलं एका डोळ्यानं अधू, केस झडलेलं कुत्रं होतं. त्याला आजवर कुणी घरी नेलं नव्हतं.

"पोरी," काका उतरता उतरता म्हणाले, "ह्याचं नाव काय ठेवायचं?"

"नाव मागनं ठेवू," विद्याश्री म्हणाली. "आधी पट्टा घाला."

काकांनी खिशातून चंद्रीच्या तुटलेल्या माळेतल्या कवड्या काढल्या. नव्या दोरीत ओवून आणल्या होत्या. त्यांनी ती कुत्र्याच्या गळ्यात घातली, पण गाठ काही बसेना. शेवटी विद्याश्रीनंच पुढं होऊन गाठ मारली आणि ती घट्ट बसलीय ना, हे दोनदा ओढून बघितलं.