क्वाबेनाच्या आजीचं स्टूल

दिवा राहू दे जरा, सांगते. अठ्ठ्याण्णव सालचा जून, आम्ही तेव्हा दुबईत, बर दुबई भागात राहायचो. माझ्या नवऱ्याच्या, अनिलच्या ऑफिसातला क्वाबेना आजीच्या वर्षश्राद्धाला घानाला निघाला आणि जाताना तिचं स्टूल आमच्याकडे ठेवून गेला. त्याच्या शेअरिंगच्या खोलीत कोणीही त्यावर बसलं असतं.

एकाच ओंडक्यातून कोरलेलं, मध्ये खोलगट. त्याने ते भिंतीशी आडवं ठेवलं. म्हणाला, आमच्या आशांती लोकांत माणसाचा जीव त्याच्या स्टुलात असतो. राज्याच्या सोन्याच्या स्टुलासाठी तर आम्ही इंग्रजांशी लढलो, त्यावर आमचा राजासुद्धा बसत नाही. मालक उठला की स्टूल आडवं करायचं. रिकामं आणि सरळ दिसलं, तर वाटेवरचं कोणीही येऊन बसतं. मी मान डोलावली आणि चहाचं आधण ठेवलं.

पण उलटी चप्पल दिसली तरी पायाने सरळ करणारी बाई मी. शुक्रवारी केर काढताना ते स्टूल कधी सरळ केलं, माझं मलाच कळलं नाही.

आमची शुभ्रा तेव्हा चार वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. कान ठणठणीत. डॉक्टर झाले, नवस झाले. पुण्याहून सासूबाई फोनवर विचारायच्या आणि मी बेधडक खोटं सांगायचे.

त्या दुपारी पडदे ओढलेले होते, एसीची घरघर चालू होती. हॉलमधून बोलणं ऐकू आलं. शुभ्रा स्टुलासमोर मांडी घालून बसली होती. भाषा ओळखीची नव्हती. ती बोलायची, थांबून ऐकायची, हसायची. खोलीत धुरावर वाळवलेल्या मासळीचा वास होता, आणि आमच्या घरात मासळी शिजत नाही.

मी घाबरले. पण त्याहून जास्त आनंद झाला. स्टूल मी तसंच राहू दिलं, आणि ती रोज बोलत राहिली.

महिन्याने क्वाबेना परतला. दारातच थबकून बराच वेळ तिचं बोलणं ऐकत राहिला.

"युवर ग्रँडमदर?" मी हळूच विचारलं.

"नो, भाभी... नॉट शी. व्हेरी ओल्ड वर्ड्स... मलाही अर्धेच समजतात," असं काहीसं तो इंग्रजीत पुटपुटला.

त्याने स्टूल आडवं केलं. शुभ्राचं वाक्य मध्येच तुटलं. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. हे आत्ताच घेऊन जातो, म्हणून तो अनिलबरोबर टॅक्सी बघायला खाली गेला.

मुलीच्या त्या उघड्या तोंडाकडे मला बघवेना. या वेळी हात चुकून गेला नाही. मी स्टूल उचललं, सरळ ठेवलं, आणि रिकाम्या जागेला मराठीतच म्हणाले, "या... बसा."

"आई," मागून शुभ्रा म्हणाली. स्पष्ट मराठीत, जन्मात पहिल्यांदा.

मी हात पसरून वळले. ती मला वळसा घालून पुढे गेली आणि स्टुलासमोर हात वर करून उभी राहिली, कडेवर घे म्हणून.