नदीकडच्या बुरुजातलं चित्र

पडक्या किल्ल्याच्या नदीकडच्या बुरुजात, वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर, शेकडो वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. बुरुज कोसळायच्या आत त्याचा फोटो काढायचा, एवढ्यासाठी दोघे साडू भल्या सकाळी निघाले. धाकटा फोटोग्राफर. थोरला गवंडी, तो आला होता मेहुणीने गळ घातली म्हणून. "भावजी, ह्यांना एकट्याला सोडू नका," म्हणाली होती.

नदी ओलांडताना पाणी कमरेला लागलं. पुढे दोन तास निसरडी चढण, काटेरी झुडपं, आणि दरवाज्याच्या जागी नुसता दगडांचा ढीग! गवंड्याच्या जिवाला चैन नव्हतं. दिसेल त्या भिंतीला तो हात लावून बघे आणि मान हलवी.

बुरुजाचा जिना अर्ध्यात तुटलेला. गवंडी फटींत बोटं रुतवत वर चढला, दोर बांधला आणि साडूला ओढून घेतलं.

"लवकर उरक."

"पाचच मिनिटं, भाऊ! उजेड येऊ द्या."

सर्र... गवंड्याने चमकून पाहिलं. दगडांच्या सांध्यातून चुना गळत होता, पिठासारखा. थांबला. पुन्हा सुरू झाला. आता दोन ठिकाणांहून!

"निघ! भिंत सुटतेय!"

"एकच फोटो—"

"खड्ड्यात गेला तुझा फोटो!" त्याने साडूची कॉलर धरली, फरफटत नेलं आणि दोरावरून खाली उतरवलं. कॅमेरा वरच राहिला.

अंगणात येताच फोटोग्राफर उसळला. "कुठे पडली? उभी आहे बघा ठणठणीत! परवानगीसाठी सात वर्षं खेटे घातलेत मी!"

भिंत खरंच उभी होती. आपलंच चुकलं की काय? गवंड्याने पुन्हा वर पाहिलं. तरी तो जिन्यासमोर आडवा उभा राहिला. "जायचं तर मला तुडवून जा."

फोटोग्राफरने त्याला ढकललं. तोच पायाखालची जमीन थरारली.

"पळ!"

दोघे पळाले. मागे कडाडा आवाज झाला, आणि अख्खा बुरुज गडगडत नदीत गेला!

धुरळा बसला तेव्हा दोघे एकमेकांना धरून खोकत होते. बुरुजाच्या जागी मोकळं आभाळ होतं.

खोकला थांबल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "भाऊ, चित्रातल्या त्या राणीच्या हातात काय होतं हो? मी नुसता उजेडच मोजत बसलो."

गवंडी ओशाळला. "राणी होती होय? मी सांधे बघत होतो."

फोटोग्राफर त्याच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता साडूच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडला.